दोराचं वरचं टोक

आमच्या घरात कड्यावर उतरणाऱ्याचा दोर त्याच्या मेव्हण्यानं धरायचा. भावानं नाही, बापानं नाही. भाऊ वाटणीवरून उलटू शकतो, बापाचे हात थकलेले असतात, आणि मित्राचं तर काहीच सांगता येत नाही. पण बायकोचा भाऊ आपल्या बहिणीचं कुंकू आपल्या हातानं पुसणार नाही, हा त्यातला हिशोब. आबाचा, म्हणजे माझ्या बापाचा, दोर माझ्या मामानं धरला. माझा दोर धरायला कुरुंद्याचा मुंजाजी, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. दोर वर झाडाला बांधायचा नाही, हाही नियमच. बांधला तर मेव्हण्याच्या थोबाडीत मारल्यासारखं होतं. तो कमरेमागून दोर घ्यायचा, दगडाला पाय लावून बसायचा आणि सोडत जायचा. खालून मी एक झटका द्यायचो, म्हणजे 'हायस का'. वरून एक झटका यायचा, म्हणजे 'हाय'. तेवढंच बोलणं. कड्याच्या पोटात वारं असं घुमतं की हाक मारून काही उपयोग नसतो.

लोकांना वाटायचं आम्ही मध विकायला काढतो. तसं नव्हतं. गाव शिरड शहापूरच्या अलीकडचं, लहान. गावात कोणाच्याही घरी लेकरू जन्मलं की त्याच्या जिभेला पहिलं बोट लावायचं ते आमच्या घरच्या मधाचं. वाड्यातलं असो की वस्तीतलं, माणूस वाटी घेऊन यायचा आणि माय पळीनं मध घालायची. मध घारकड्याचा. टेकडीच्या पश्चिमेला तो कडा, मधोमध पोट पुढं आलेला, आणि त्या पोटाखाली आग्यामाशांची पोळी, सुपाएवढाली, काळी. लांबून ती अंगावर काटा आल्यासारखी हलताना दिसायची. मी चौथीतून शाळा सोडली ती हे शिकायला. आबा म्हणायचा, शाळा मास्तर कुणालाही शिकवतो, कडा सगळ्यांना शिकवत नाही. तेव्हा मला ते फार भारी वाटायचं. आता वाटतं, दोन वर्षं अजून शिकलो असतो तर अनसाच्या औषधाच्या बाटल्या वाचायला शेजारी जावं लागलं नसतं.

अनसा माझी बायको. अनुसया नाव, पण पूर्ण नावानं तिला कोणी हाक मारली नाही. बुटकी, सावळी, आणि तोंडाची अशी की मायसुद्धा तिला विचारून बोलायची. त्या वर्षीच्या फाल्गुनात ती गरोदर होती, सातवा सरत आलेला. हळद काढून झाली होती, शिजवणं चालू होतं. अंगणाच्या कडेला मोठी कढई, खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, वरून ओलं पोतं झाकलेलं, आणि त्या वाफेचा वास अंथरुणात, भाकरीत, डोक्याच्या केसात. हात धुतले तरी पिवळे. दुपारी कढई गुडगुडायची तेव्हा अनसा म्हणायची, म्हातारं माणूस झोपेत बडबडून राहिलं बघा. जेवायला ज्वारीची भाकर, येसराची आमटी आणि कच्चा कांदा. तिच्या हातच्या येसरात धने जरा जास्त भाजलेले असायचे, करपायच्या अलीकडचे. मी वर्षभरापासून तसं करायला बघतो. एकतर कच्चे राहतात नाहीतर जळतात. त्या दोन्हीच्या मधला वास कुठं सापडतो हे तिनं सांगून ठेवलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

खरं म्हणजे तो हंगाम उतरायचा नव्हता. मडक्यात मागच्या वर्षीचा मध होता, पण तो पावसाळ्यात आंबला. माय म्हणाली, गावाच्या लेकरांना दिला आणि आपल्याच लेकराला दुकानातल्या बाटलीतला चाटवायचा का. आबाला ते लागलं. कुरुंद्याला निरोप गेला आणि मुंजाजी आला. हा गडी उंच, हातापायानं मोठा, डोळे मात्र पोरीसारखे मऊ. जेवायला बसला की माय तवा चुलीवरून खाली घ्यायची नाही. अनसा आणि तो समोरासमोर आले की भांडायचेच. ती म्हणाली, हळद शिजवायला यायला सांगितलं तेव्हा तुझं कंबरडं दुखत होतं, मेल्या. तो म्हणाला, आक्का, कंबर दोरासाठी राखून ठेवलीय, तुझ्या कढईसाठी न्हाई.

त्याच आठवड्यात हिंगोलीहून ती माणसं आली. तीन पोरं कॉलेजची आणि त्यांना घेऊन आलेली एक बाई, वैशाली. शाळेत खेळ शिकवायची. हिमालयात जाऊन डोंगर चढायचं रीतसर शिकून आलेली. अंगात पँट, पायात जाड बूट, केस बांधून टोपीत कोंबलेले. मारुतीच्या पारावर त्यांनी सामान टाकलं तेव्हा अर्धं गाव बघायला गेलं. त्यांना घारकडा चढायचा होता, खालून वर. कशाला, तर चढायला. आमच्या गावाला हे काही पटलं नाही. वर मध नाही, मोहोळ काढायचं नाही, मग चढायचं काहून? आबानं त्यांना घरी बोलावलं, कारण कड्यावर जायचं तर आमच्या घराला विचारावं लागायचं. वैशालीनं आल्या आल्या आपलं गाव, आडनाव, वडील कोणत्या खात्यात, सगळं सांगून टाकलं, कोणी विचारायच्या आत. मला वाटतं तिला सवय असावी. मायनं पोरांना कपबशीत चहा दिला आणि तिला फुटक्या कानाच्या वेगळ्या कपात. तिनं तो घेतला, प्याली आणि स्वतःच विसळून पालथा घातला. मी बघितलं. अनसानंही बघितलं. तेव्हाची आमची घरं अशीच होती, ती चांगली होती असं मी सांगणार नाही.

आबानं तिचा दोर हातात घेतला. रंगीत, बोटाएवढा, गुळगुळीत. आमचा अंबाडीच्या वाकाचा, मनगटाएवढा जाड. आबा म्हणाला, हा तर चड्डीचा नाडा हाय. ती हसली. म्हणाली, बाबा, ह्याला बैल लटकला तरी तुटत न्हाई. आबा म्हणाला, बैल आमी कड्यावरून सोडत न्हाई, बाई. मग सगळेच हसले. अनसा मात्र दोर बघत होती. तिनं विचारलं, हा वर कशाला बांधता? वैशाली म्हणाली, झाडाला. आणि त्या झाडावर भरोसा नसंल तर अजून एका खडकाला. अनसानं पुन्हा विचारलं, आन् धरतं कोण? ती म्हणाली, धरणारा असतोच, पण त्यालाही बांधलेलं असतं. माणूस हाय, ताई, शिंक बी येते.

रात्री जेवताना अनसानं भाकरी वाढता वाढता विषय काढला. उद्या दोर झाडाला बांधा, वर मोठा धावडा हाय. मुंजाजीचा घास हातातच राहिला. झाडालाच बांधायचं असंल तर मला कशाला बोलावलं, तो म्हणाला, धावड्यालाच जेवू घाल. आबानं त्याची बाजू घेतली. दोर माझ्यासाठी, पण मान त्याचा. अनसानं परात आपटली. ती जे बोलली ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

"तुमाला काय, तुमी एकेका टोकाला असता. माझं माणूस दोन्ही टोकाला हाय."

मुंजाजीनं मान खाली घातली, पण दोर बांधला नाही.

सकाळी दव असतानाच आम्ही निघालो. आबा कड्याच्या पायथ्याला ओल्या पाल्याचा धूर करायला. त्याच्या मागं अनसाही आली. बाईमाणसानं यायचं नसतं, पण तिला अडवणार कोण? वैशालीची माणसं टेकडीच्या पलीकडच्या अंगाला आपलं सामान लावत होती. मी डोक्यापासून गुडघ्यापर्यंत घोंगडी लपेटली, कमरेला विळा आणि डबा. मुंजाजीनं स्वतःची घोंगडी काढून कड्याच्या धारेवर घातली, दोर दगडावर घासू नये म्हणून. मी म्हणालो, तुझ्या अंगावर काय? तो म्हणाला, दाजी, माशा तुमच्याकडं हायत, माझ्याकडं काय काम त्यांचं. आणि त्यानं मला सोडायला सुरुवात केली. त्याच्या हातानं दोर सुटायचा तो असा की आपण उतरतोय हे कळायचंच नाही. दोरातून माणूस कळतो. घाबरट माणसाचा दोर थरथरतो, रागीट माणसाचा दोर हिसके देतो. मुंजाजीचा दोर पाळण्यासारखा होता.

मी पोळ्याच्या हातभर वर आलो आणि वारं फिरलं. नंतर गावात लोक म्हणाले, त्या हिंगोलीवाल्यांनी खडकात खिळे ठोकले म्हणून मोहोळ उठलं. साफ खोटं. त्यांनी तोवर हातोडी पिशवीतून काढलीही नव्हती. वारं फिरलं, धूर कड्यापासून लांब गेला, एवढंच. पोळं एकदम सुटलं. तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. मी घोंगडीत गुंडाळलेला, भिंतीला चिकटलेला. काही माशा घोंगडीच्या भोकातून आल्या, पण बाकीचा सगळा काळा ढग माझ्यावरून वर गेला. वर उघड्या अंगाचा माणूस बसलेला होता.

मी ओरडलो, बांध, झाडाला बांध. ऐकू जाणं शक्य नव्हतं, आणि गेलं असतं तरी काय? माझं सगळं वजन त्याच्या कमरेत. एक हात सोडला असता तर मी गेलो असतो. बांधायचं असतं ते आधी. कड्याचं पोट पुढं आलेलं, त्यामुळं माझे पाय भिंतीला टेकत नव्हते, स्वतः चढणं होईना. मी दोराला एक झटका दिला. काहून दिला माहीत नाही. आणि वरून एक झटका आला. हाय. इतक्या माशांत त्या गड्यानं उत्तर दिलं. खालून अनसाचा आवाज येत होता, शब्द नाही, नुसता आवाज. तिला आम्ही दोघंही दिसत होतो. मी लोंबकळलेला, आणि वर आभाळाला लागून तिचा भाऊ, ज्याचं डोकं तिला डोक्यासारखं दिसत नव्हतं, काळ्या टोपल्यासारखं दिसत होतं. ती नंतर कधीही त्या गोष्टीबद्दल बोलली तर एवढंच म्हणायची, तो हलला न्हाई.

पुढचं मला वैशालीच्या पोरांनी सांगितलं आणि मुंजाजीनं. पलीकडून त्यांनी ओरडा ऐकला. पोरं ओली पोती आणि पेटवायला गवत आणायला धावली. ती थांबली नाही. निजायची जाड पिशवी डोक्यावरून घेतली आणि तशीच त्या माशांत घुसली. बाई पळून जाऊ शकत होती. तिचं आमच्याशी काय नातं? एक फुटक्या कानाचा कप. तिनं पिशवी मुंजाजीच्या डोक्यावर टाकली, म्हणजे स्वतः उघडी पडली. मग गुडघ्यावर बसून आमच्या जाड दोराला आपली बारीक दोरी वेढे घालून आवळली आणि तिचं दुसरं टोक कडीनं धावड्याला अडकवलं. तेवढं करताना तिच्या हातावर माशा अशा बसल्या होत्या की बोटं दिसत नव्हती, असं पोरं सांगायची. मग ती मुंजाजीच्या कानाशी बोलली.

"दादा, झाडानं धरलंय आता. सोडा."

मुंजाजी म्हणाला, "झाडावर भरोसा न्हाई."

"मंग माझ्यावर ठेवा."

आणि ती त्याच्या मागं बसली, दोर स्वतःच्याही कमरेमागून घेतला, पाय दगडाला लावले. तेव्हा कुठं तो उठला. पळायला नाही, ओढायला. पोरं धूर घेऊन आली, त्यांनीही हात लावला. मला खाली एवढंच कळलं की दोर बदलला. पाळण्यासारखा होता तो आता दोघांचा झाला, एक लांब ओढ आणि मागून एक आखूड, पटकन. कोण आहे दुसरं, हा विचार करतच मी धारेवर आलो.

वर आल्यावर मी मुंजाजीला ओळखलं ते त्याच्या हातांवरून. तोंड असं सुजलं होतं की डोळे कुठं आहेत ते शोधावं लागलं. वैशाली झाडाला टेकून बसली होती, ओठ वर आलेले, श्वास शिट्टीसारखा. तिनं आधी गाठ बघितली. मग माझ्याकडं बघितलं. मी कोण, कुठं लागलं, काही विचारलं नाही, नुसती मान हलवली, काम झाल्यासारखी.

शेजारच्या गावातल्या एकाची जीप हळद घेऊन चालली होती. पोती रस्त्यावर उतरवली आणि दोघांना हिंगोलीला नेलं. दवाखान्यात एका खोलीत दोन खाटा. अनसा सातव्या महिन्याचं पोट घेऊन मधल्या स्टुलावर बसलेली, फणीच्या पाठीनं एकदा याचे काटे खरडायची, एकदा तिचे. नर्सबाई म्हणाली, तुम्ही कोणाच्या, ह्यांच्या का ह्यांच्या? अनसा म्हणाली, दोघांची. माय रोज भाकरी पाठवायची, दोन फडक्यांत बांधून, सारख्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती स्वतः आली आणि वैशालीच्या खाटेवर बसली. खाटेवर, स्टुलावर नाही. तिच्या पायावर हात ठेवून बसली. वैशालीची सूज उतरली, ती आठवड्यानं घरी गेली. मुंजाजीचा डावा डोळा गेला. बुबुळावरच काटा होता. डॉक्टरांनी खूप केलं, पण त्या डोळ्यावर दुधासारखं पडलं ते पडलं. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, चला, आता आक्का अर्धीच दिसंल.

पोरगी झाली तेव्हा आमच्या घरात मधाचा थेंब नव्हता. मायनं बोटाला गूळ लावून तिला चाटवला. तिची जीभ कशी निघाली ते गावाला विचारा, आईवर गेली.

मग दिवाळी आली. भाऊबीजेला मुंजाजी आला, आणि संध्याकाळी बघतो तर अनसानं दोन पाट मांडलेले. दुसऱ्यावर वैशाली, साडी नेसून आलेली, अवघडलेली. तिला निरोप देऊन अनसानंच बोलावलं होतं. शेजारच्या बायका दारात. एक म्हणाली, अगं, बाईला कुठं भाऊ म्हणून ओवाळत असतेत का? दुसरी त्याहून वेगळं काही म्हणाली, ते मी सांगत नाही. अनसानं निरांजन हातात घेतलं होतं, ती वळलीसुद्धा नाही.

"दोर धरला ना तिनं माझ्या माणसाचा? मंग भाऊच."

आणि ओवाळलं. आधी मुंजाजीला, मग तिला. कुंकवाचा टिळा, अक्षता, सगळं. मायनं करंजीचं ताट स्वतः उचलून तिच्यापुढं ठेवलं, आणि चहा कपबशीत दिला. आबा ओसरीवर बसून सुपारी कातरत होता. म्हणाला, पाव्हणे, आता दोन मेव्हणे झाले, जेवू घालून माझी ज्वारी सरणार. ओवाळणी म्हणून वैशालीनं ताटात एक लोखंडी कडी टाकली, दोर अडकवायची, ती धावड्याला लावलेली. अनसा त्यात घराच्या किल्ल्या अडकवायची. आताही त्या तशाच आहेत, खिळ्याला. मी काढत नाही.

त्यानंतर मी आणखी काही वर्षं उतरलो. दोर मुंजाजीच धरायचा, पण आधी धावड्याला बांधून. तो सगळ्यांना सांगायचा, झाडाला फक्त मागं उभं केलंय, धरतो मीच. त्याचा मान राहिला आणि अनसाची झोपही. ती दरवर्षी दोघांना ओवाळत राहिली. वैशाली कधी नेपाळच्या बाजूला असायची, कधी कुठं, पण भाऊबीजेला यायची. एकदा तिकडं बर्फात कोणाला वाचवायला गेली आणि पायाची दोन बोटं घालवून आली. अनसा तिच्यावर अशी चिडली की ओवाळताना शिव्या देत होती. तू सगळ्या जगाचा दोर धरायला निघालीस का, म्हणाली. ती म्हणाली, ताई, जो दिसंल त्याचा.

अनसा गेल्या वर्षी गेली. आजारपण लांबलं. शेवटी शेवटी बोलणं बंद झालं तेव्हा ती माझ्या धोतराचं टोक धरून ओढायची. मी समजायचो. तिच्या पांघरुणाचं टोक मी ओढायचो. हाय. एका दुपारी मी ओढलं आणि तिकडून काही आलं नाही.

तेरवीला माहेरकडून दुखवट्याची टोपी-टावेल आणायची आमच्यात रीत आहे. बहीण गेली की मेव्हण्याचं नातं तिथंच सैल होतं, ती टोपी म्हणजे एका परीनं निरोपच. मी मनाशी तेच धरून बसलो होतो. ज्या कारणासाठी दोर धरायचा ते कारणच उरलं नाही, आता कोण कशाला धरंल? मुंजाजी आला, काठी टेकत, तो पांढरा डोळा घेऊन. त्याच्यासोबत वैशाली, केस पिकलेले, किंचित लंगडत. मुंजाजीनं टोपी घातली. टावेल तिच्या हातात होता. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, बाईमाणसानं टावेल घालायचा नसतो. मुंजाजीनं त्याच्याकडं चांगला डोळा वळवला आणि म्हणाला, बाई कुठं हाय? माझा भाऊ हाय तो.

तिनं टावेल माझ्या खांद्यावर टाकला, पण एक टोक हातातच ठेवलं. वाकून हळू म्हणाली, दाजी, सैल वाटलं तर झटका द्या.

लोक बसलेले होते. टावेलाचं माझ्याकडचं टोक मुठीत होतं, ते जरासं ओढलं. तिकडून एक झटका आला, आखूड, पटकन. आणि त्याच्या मागोमाग मुंजाजीचा हात पडला टावेलावर, आणि एक लांब ओढ.